झील धरायला कुणी नव्हतं

हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं ते पिवळं तोंड आठवलं, की अजून माझ्या जिभेवर कडवट येतं. फोनमधलं हो, दुसरं कुठलं. माझ्या पोटच्या मुलानं ते एका बाईच्या शोकाखाली चिकटवलं होतं. सांगते. पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुम्हालाही नीट शिसारी येईल.

मी ऑस्ट्रेलियाला गेले ती सुनेच्या बाळंतपणाला. मेलबर्नच्या पश्चिमेला ट्रुगानिना म्हणून भाग आहे. नवीकोरी वस्ती, सगळी घरं एकाच साच्यातून काढल्यासारखी करडी, आणि दर तिसऱ्या दारात आपल्याकडची चप्पल. डिंक नेला होता, आळीव नेले होते. आळीव विमानतळावरच काढून घेतले, बियाणं चालत नाही म्हणे. नात झाली, सव्वा महिना झाला, मी परतीची बॅग भरायला काढली आणि तो रोग आला. विमानं बंद. जायला मिळेना आणि राहायचं म्हटलं तर व्हिसा व्हिजिटरचा. घराबाहेर पडायचं ते मोजून, तोंड बांधून, पाच किलोमीटरच्या आत. मी तर पाचशे पावलांच्या आतच. माझं जग म्हणजे मागचं अंगण, कपडे वाळत घालायचा तो छत्रीसारखा स्टँड, आणि लाकडी फळ्यांचं कुंपण.

कुंपणापलीकडे ती राहायची. माझ्याच वयाची, दक्षिण सुदानची. उंच, इतकी उंच की कुंपणावरून तिचं डोकं आपोआप दिसायचं, आणि मला मात्र बादली उपडी घालून तिच्यावर उभं राहावं लागायचं. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच फाटकं, त्यामुळे आमचं छान जमलं. दोघींच्या फाटक्यातून वारा जायचा. तिची मुलगी एका वृद्धाश्रमात कामाला होती, रोज सकाळी निळा गणवेश घालून जायची. घरात दोघीच.

आमची ओळख झाली ती थाळीवरून. तुम्हाला आठवत असेल, भारतात सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या होत्या रोग पळवायला. तर तिकडच्या आपल्या लोकांनीही वाजवल्या! इकडची वेळ लावून, आपापल्या ड्राइव्हवेत उभं राहून. समोरचे एक गृहस्थ, कंपनीत मोठे मॅनेजर, त्यांनी तर शंख फुंकला. माझी नात झोपली होती, ती दचकून उठली आणि तासभर रडली. पण कुणी कुणाला काही बोललं नाही, कारण पुण्याचं काम चाललं होतं ना.

दुसऱ्या दिवशी ही बाई कुंपणाशी आली. हातात झाकलेलं भांडं, तोंड गंभीर.

"सिस्टर, तुमच्यात कोण गेलं?"

"कुणी नाही बाई. का?"

"काल एवढं सगळे मिळून वाजवत होते. मला वाटलं, कुणी फार मोठं माणूस गेलं."

आता हिला काय सांगायचं? म्हटलं, "कुणी गेलं नाही. रोगाला हाकलत होते."

तिनं माझ्याकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाली, "गेला का?"

आम्ही दोघी अशा हसलो, की सून बाहेर आली बघायला. भांड्यात शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी होती. आपल्याकडच्यासारखीच, फक्त मीठ जरा कमी. त्या दिवसापासून मी तिला ताई म्हणायला शिकवलं. "थाई" म्हणायची. मीही थाईच म्हणू लागले.

मग रोज दुपारी, तिकडे 'आर्वो' म्हणतात दुपारला, कपडे वाळत घालायच्या निमित्ताने आमची बैठक. एकदा वयाचा विषय निघाला. तिच्या कागदावर जन्मतारीख एक जानेवारी. तिच्या बहिणीचीही एक जानेवारी, मुलीचीही. निर्वासितांच्या छावणीतल्या साहेबांनी सगळ्यांना तीच लिहून दिली. मी म्हटलं, माझी एक जून. आमच्या मास्तरांनी शाळेत घालताना अख्ख्या वस्तीला तीच दिली होती. म्हणजे दोघींचे वाढदिवस सरकारने साजरे केलेले.

"मग तू खरी कधी जन्मलीस, कसं कळतं?" मी विचारलं.

"गाण्यात आहे," ती म्हणाली.

तिच्या मोठ्या बहिणीनं एक गाणं बांधलं होतं. घराण्याचं. त्यात आजोबांचे आजोबा होते, वाकड्या शिंगांचा पांढऱ्या पोटाचा बैल होता, कुठल्या पुराच्या साली कोण जन्मलं ते होतं. गाव जळालं तो दिवस होता. नदी ओलांडताना कोण पलीकडे पोचलं आणि कोण नाही, ती सगळी नावं एकामागोमाग. छावणीतली धूळ, तिथं लागलेली लग्नं, विमानात बसल्यावर कुणाला उलटी झाली, तेसुद्धा. एवढं मोठं ते गाणं. बहीण पुढे गायची, बाकीच्या बायका मागून उचलायच्या. बहीण मेलबर्नच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि तिची मुलं पर्थला. मुलांना गाणं अर्धंमुर्धंच येत होतं. पूर्ण येणाऱ्या दोघीच, ती आणि ही.

मला हे ऐकताना माझा बाप आठवला. आम्ही परळला गिरणीच्या चाळीत राहायचो. बापाने दीक्षा घेतली, गावकीची कामं आणि देव एकाच दिवशी टाकले आणि जलशात शिरला. शाहीर नव्हता तो, झीलकरी होता. पुढचा शाहीर ओळ टाकतो, ती मागच्यांनी उचलायची, ताणायची, म्हणजे तेवढ्यात शाहिराला श्वास घेता येतो. तीच झील. बाप म्हणायचा, "शाहीर दिसतो, पण झील नसली तर तो दुसऱ्याच कडव्याला मरतो." त्या गाण्यांत कुठल्या गावात पाण्याला शिवू दिलं नाही ते होतं, कुणाची झोपडी जाळली ते होतं, पहिली शाळा कुणी पाहिली ते होतं. पुस्तकात आमचं काही नव्हतंच. शाळा माझी दोन महिन्यांतच सुटली होती. मला अक्षरं लग्नानंतर आली, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. त्याच्या आधी जे काही ठाऊक होतं, ते सगळं झील धरून ठाऊक झालं होतं.

आणि चाळीतले इतर लोक काय म्हणायचे? "लागले बोंबलायला." खिडक्या लावून घ्यायचे. धाड, धाड, धाड. तो आवाज माझ्या कानात आहे.

तर, त्या थंडीत थाईची बहीण गेली. रोगानेच. दवाखान्यात कुणाला भेटू दिलं नाही. दफनाला दहाच माणसांना परवानगी. थाईची मुलगी ज्या वृद्धाश्रमात होती तिथं रोग शिरलेला, म्हणून मुलगी पुढच्या खोलीत कोंडून घेतलेली, आणि थाईलाही घर सोडता येईना. सख्ख्या बहिणीचं दफन तिनं फोनवर बघितलं. मी कुंपणाशी गेले तर ती अंगणात खुर्चीवर बसलेली, हात मांडीवर उताणे.

"ते गाणं झालं नाही," ती म्हणाली. "दहा माणसांत चार पुरुष, दोन पोरं. कुणाला येतच नव्हतं. तिला गाण्याशिवाय मातीत घातलं."

"तू गा."

"गाणार. पूर्ण गाणार, आणि मुलांसाठी टेप करणार. माझंही काही सांगता येत नाही आता. मी गेले तर ती नदीतली नावं कोण सांगणार?"

हे तिचं म्हणणं. हे एवढंच तिला हवं होतं. सोनं नको, नाणं नको. मेलेल्या बहिणीचं गाणं एकदा शेवटपर्यंत, आवाजात पकडून ठेवायचं.

तिनं व्यवस्था केली. पर्थच्या, सिडनीच्या, कुठकुठल्या बायका फोनवर जमवल्या. फोनला मोठा स्पीकर जोडून अंगणात ठेवला. प्लॅस्टिकचा पाण्याचा कॅन मांडीवर घेतला, ढोलासारखा. दुपारची वेळ. तिनं पहिली ओळ टाकली आणि माझ्या अंगावर काटा आला. शब्द कळत नव्हता एकही, पण शाहीर कधी चढतो ते मला कळतं.

पण फोनवाल्या बायकांची झील मागे पडायची. आवाज यायला उशीर होतो ना त्यात. ही पुढच्या ओळीवर गेली की मग त्या मागच्या ओळीवर यायच्या. सगळा गुंता. ही थांबायची, परत पहिल्यापासून सुरू करायची. दोनतीनदा झालं तसं. आणि स्पीकरमधून इतक्या बायकांचा आवाज, त्यातच कुणी रडायला लागलेली. रस्त्यावरून ऐकणाऱ्याला वाटावं, पन्नास माणसं जमलीत.

पोलीस आले. दोघं, बाई आणि पुरुष. "गॅदरिंगची तक्रार आहे," म्हणाले. थाई उठली आणि तिनं स्पीकर उचलून दाखवला. ही बघा, ही माझी माणसं. स्पीकरमधल्या सगळ्या एकदम गप्प. पोलिसीण बिचारी ओशाळली, "सॉरी फॉर युअर लॉस" म्हणाली. पुरुष जाताना म्हणाला, "नो वरीज." वरीज म्हणजे काळज्या. काळज्या नाहीत म्हणे.

थाईनं कॅन घरात नेला, दार लावलं आणि मग दिसलीच नाही.

आता ते पिवळं तोंड. त्या संध्याकाळी मुलानं फोन माझ्याकडे दिला, नातीचा फोटो नणंदेला पाठव म्हणून. त्यातच वस्तीतल्या आपल्या लोकांचा ग्रुप उघडा होता. वरच्या मजल्यावरच्या कुठल्यातरी खिडकीतून काढलेला व्हिडिओ. थाई कॅन वाजवतेय, मान मागे टाकून गातेय. खाली कुणी हिंदीत लिहिलेलं, 'भूत भगा रही है क्या?' आपल्या एकानं मराठीत, 'मर्तिकाला डीजे!' मग 'ह्यांना रूल्स म्हणून नसतातच', 'ह्यांच्यामुळे घराचे भाव पडतात'. एका शिकलेल्या बाईनं 'हबशी' हा शब्द इतक्या सहज टाकला होता, जसं भाजीत कोथिंबीर टाकतात. आणि शंखवाल्या मॅनेजरनं अभिमानाने, 'मीच केला फोन पोलिसांना. कुणीतरी करायलाच हवं.'

त्याखाली ओळीने ती पिवळी तोंडं. त्यातलं एक माझ्या मुलाचं.

मला खरंच ओकारी आली. मी बाथरूममध्ये जाऊन चूळ भरून आले. मुलगा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये बसला होता.

"हे काय आहे?"

"आई, मीटिंग चालू आहे."

"असू दे. हे काय आहे?"

त्यानं फोनकडे बघितलं. "अगं, सगळ्यांनी टाकलं म्हणून टाकलं. बघितलाही नाही मी पूर्ण."

"न बघताच हसलास? म्हणजे तर आणखीच शहाणा."

"हळू बोल, प्लीज. म्यूटवर आहे पण—"

"तुझ्या आजोबांनाही असंच म्हणायचे. बोंबलतात म्हणायचे. खिडक्या लावायचे."

"ते वेगळं होतं, आई."

"काय वेगळं होतं?"

तो लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली ओढून अगदी बारीक आवाजात म्हणाला, "आई, इथं कुणाला माहीत नाहीये आपलं. मुलीला शाळेत घालायचंय, ह्याच लोकांत राहायचंय. तू व्हिजिटर आहेस, तू जाशील. प्लीज ह्यात पडू नकोस."

तेवढ्यात सून आली, "बाळ झोपलंय, आई." ती कुणाचीच बाजू घेत नव्हती. तिची आपली झोपेची काळजी.

मला काय वाटलं सांगू? राग नाही आला. राग माणसावर येतो. मला घाण वाटली, जशी नळाला हिरवट पाणी आल्यावर वाटते, आणि तेच पाणी आपण सकाळपासून प्यायलोय हे कळतं. दर सकाळी हा मुलगा खोलीचं दार लावून बुद्धवंदना म्हणतो. दार लावून! आणि माझ्या बापाच्या नातवानं, ज्यानं रस्त्यात उभं राहून गायलं त्याच्या नातवानं, दुसऱ्याच्या गाण्यावर हसून आपली जागा पक्की करायची. 

दोन दिवस थाई बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी कपडे काढायला आली. मी बादली उपडी घातली, चढले.

"गाणं?"

तिनं मान हलवली. "पोलीस."

"पोलीस आला तर मी बोलते त्याच्याशी."

"तुला त्रास होईल, थाई. तू व्हिजिटर."

"मग चांगलंच की. मला हाकलून देतील. निदान विमान तरी मिळेल!"

ती हसली. पहिल्यांदा हसली बहीण गेल्यापासून. मग डोळे पुसून म्हणाली, "मागे उचलायला कुणी नाही. फोनवर जमत नाही. आणि उचलणारं नसलं तर मला दम पुरत नाही."

"मी उचलते."

"तुला भाषा येत नाही."

"माझा बाप झीलकरी होता," मी म्हटलं. झील कशाला म्हणतात ते इंग्रजीत कसं सांगायचं? हातवारे केले. तू पुढे, मी मागे, तू श्वास घे. तिला कळलं. त्यांच्यातही मागच्या बायका लागतातच की. तिनं मला उचलायची ओळ म्हणून दाखवली, लहानशीच होती, तीनचार शब्दांची. अर्थ मी विचारला नाही. माझ्या तोंडात ती भलतीच वळत होती. ती म्हणाली, "चालेल." मुलीनं पुढच्या खोलीतून मास्क लावून येऊन मागच्या खिडकीच्या काचेआड फोन धरला, टेप करायला.

आणि गायलो आम्ही. ती कुंपणाच्या तिकडे, मी बादलीवर, इकडे. पहिल्या चारपाच वेळा मी लवकर शिरले, तिनं कॅनवर जरा जोरात थाप देऊन मला मागे ओढलं. मग बसली लय. ती ओळ टाकायची, मी उचलायची, ती श्वास घ्यायची. तिचा श्वास मला ऐकू यायचा, खोल, शिट्टीसारखा. बैल आला असावा, तिनं हाताने शिंगं दाखवली. नदी आली तेव्हा मला कुणी सांगावं लागलं नाही. ती नावं म्हणायला लागली. एक नाव, मग झील. एक नाव, झील. माझा घसा बसला, खालची बादली डुगडुगायला लागली, पण नावांच्या मध्ये कोण उतरणार?

तेवढ्यात समोरून आवाज आला, धाड. खिडकी. मग बाजूच्या घराची, धाड. अगदी चाळीतल्यासारखा. इतकी वर्षं गेली, इतका समुद्र ओलांडला, खिडक्या आता ॲल्युमिनियमच्या झाल्या, पण आवाज तोच. एक वरची खिडकी तेवढी उघडी राहिली, तिच्यात फोन चमकत होता. मी त्या फोनकडे सरळ बघितलं आणि पुढची झील जरा जास्तच ओढली. घे बाबा, टाक तुझ्या ग्रुपवर.

गाणं संपलं तेव्हा ऊन कुंपणावरून उतरलं होतं. थाईनं कॅन बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली. मी कुंपणावरून हात लांब केला, पण पोचत नव्हता. पोचला असता तरी लावायचा नव्हताच, तेव्हा नियमच तसा होता.

जेवताना मुलाचा फोन टिंगटिंग वाजत राहिला. त्यानं बघितला. मला दिसत होतं त्याच्या तोंडावर. 'अरे, ही तुझी आई ना?' असंच काहीसं असणार, आणि खाली पिवळी तोंडं.

"हसला नाहीस?" मी विचारलं.

"आई, आता सगळे विचारतील."

"सांग ना मग."

त्यानं फोन पालथा घातला आणि वरण ओतून घेतलं. त्यानं सांगितलं का, मला ठाऊक नाही. मी परत भारतात आले तेव्हा तो त्या ग्रुपमध्येच होता. अजूनही असेल. पोटचा आहे, फोन करतो, नातीला दाखवतो, मी बोलते. पण तो मोठ्याने हसला की मी जरा फोन लांब धरते. आईनं असं लिहू नये म्हणतात. मग काय करू? शिसारी आली ती आली. तिला नातं कळत नाही.

गाणं मात्र गेलं सगळीकडे. पर्थला गेलं, तिकडे छावणीत अजून जी माणसं आहेत त्यांच्याकडे गेलं. मलाही आहे, माझ्या फोनमध्ये. थाईच्या मुलीनं पाठवायच्या आधी विचारलं होतं, "मम्मा, मध्येच तो खिडक्यांचा आवाज येतोय, नदीच्या नावांमध्ये. काढून टाकू? काढता येतो."

मी कुंपणाशीच होते. मला वाटलं, काढ बाई काढ, ती घाण कशाला पुढच्या पोरांच्या कानात.

थाईनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "राहू दे. पोरं विचारतील, हे काय वाजलं. मग त्यांना सांगायचं, आपण कुठं कुठं गायलो."